चित्रातील दिवा

म्हैसूरला बदलून आलेल्या मराठी माणसाला सरकारी कामाखेरीज आणखी एक काम आपोआप येऊन चिकटते, ते म्हणजे पाहुण्यांना शहर दाखवण्याचे. दसरा किंवा मे महिना आला की कोल्हापूर, बेळगाव, पुणे येथील आप्तमंडळी येऊ लागतात आणि मोठा राजवाडा, चामुंडीची टेकडी व वृंदावन उद्यान अशी त्रिस्थळी यात्रा घडते. मी राहतो तो गोकुलम हा शहराच्या वायव्येकडचा भाग. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत योगासने शिकण्यासाठी येणाऱ्या परदेशी मंडळींची येथे मोठी वर्दळ झाली आहे. पहाटे चटई काखेत घेऊन जाणारे हे लोक माझ्या दारावरून पूर्वेची विद्या शिकायला जातात आणि मी सुट्टीच्या दिवशी चार-पाच किलोमीटरवरच्या जगन्मोहन राजवाड्यात पश्चिमेची विद्या पाहायला जातो, असे मी थट्टेने म्हणत असतो. थट्टेचा भाग सोडला तरी त्यात तथ्य आहे. युरोपातील चित्रकलेने सुमारे सहा शतके कोणता ध्यास घेतला होता, हे समजून घ्यायचे असेल तर जगन्मोहन राजवाड्यातील एका चित्रापासून आरंभ करता येतो, आणि ते चित्र एका मराठी चित्रकाराचे आहे.

जगन्मोहन राजवाडा १८६१ साली बांधला गेला. १८९७ मध्ये म्हैसूरचा जुना लाकडी राजवाडा आगीत भस्मसात झाला तेव्हा नवा वाडा उभा राहीपर्यंत राजघराण्याने येथेच वास्तव्य केले. १९१५ पासून या वास्तूत चित्रसंग्रह आहे. त्यात राजा रविवर्म्याची अनेक मूळ तैलचित्रे आहेत. भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतील अकरा वादक-गायिका एकत्र बसलेल्या दाखवणारे त्याचे प्रसिद्ध चित्रही येथेच आहे. परंतु गर्दी होते ती दुसऱ्याच एका चित्रापुढे. साडी नेसलेली एक तरुण स्त्री उभी आहे. एका हातात दिवा, दुसरा हात ज्योतीला आडोसा धरलेला. दिव्याचा उजेड तिच्या मुखावर आणि साडीवर पसरला आहे आणि बाकी सर्वत्र अंधार आहे. या चित्राचे प्रचलित नाव ‘ग्लो ऑफ होप’, म्हणजे आशेची प्रभा. मी ते पाहिले तेव्हा अंधाऱ्या जागेत लावलेले होते, आणि त्यापुढे आलेला प्रत्येक माणूस काही क्षण आवाज खाली आणून बोलत होता.

हे चित्र कोणाचे, असे कोणालाही विचारा. दहांतील आठ जण ‘रविवर्म्याचे’ असे उत्तर देतील. मीही कित्येक वर्षे पाहुण्यांना असेच छातीठोकपणे सांगत आलो, हे येथे कबूल केलेले बरे. वास्तविक रविवर्मा १९०६ साली निवर्तला आणि हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचे आहे. काढले सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी. ते मूळचे सावंतवाडीचे, मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी. दुसरी चूक त्याहून सूक्ष्म आहे. पाहणारे सांगतात की हे तैलचित्र आहे. ते तैलचित्र नाही, कागदावरील जलरंगांचे चित्र आहे. नावाची चूक आणि माध्यमाची चूक या दोहोंच्या मुळाशी गेले की युरोपीय कलेच्या इतिहासाचा बराच भाग आपोआप उलगडतो.

माझी चूक दुरुस्त झाली ती आमच्या आत्याबाईंमुळे. आत्याबाई सावंतवाडीच्या. वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि शस्त्रक्रियेस नकार. चित्रापुढे नेल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, “अरे, हिची बोटं लाल दिसतात ना रे?” मी जवळ जाऊन पाहिले. आडोसा धरलेल्या हाताच्या बोटांतून दिव्याचा उजेड आरपार आला होता आणि बोटांच्या कडा निखाऱ्यासारख्या तांबूस झाल्या होत्या. इतक्या वेळा पाहूनही मी ते टिपले नव्हते. आयुष्यभर तुळशीपुढे वाऱ्यात निरांजन नेणाऱ्या बाईने ते अंधूक डोळ्यांनी टिपले. नंतर चित्रकाराचे नाव वाचून दाखवले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “हळदणकर? म्हणजे आमच्या वाडीचेच की.”

बोटांतून आरपार येणारा हा उजेड चित्रकलेत कोठून आला, हा आजच्या भाषणाचा विषय.

आपल्या जुन्या चित्रांत दिवे नव्हते असे नाही. राजस्थानी किंवा दख्खनी लघुचित्रात रात्र असेल तर समया असतात, मशाली असतात, आकाशात चंद्र असतो. तथापि बहुतेक चित्रांत तो दिवा ‘रात्र आहे’ एवढे सांगून थांबतो. नायिकेच्या साडीचा तांबडा रंग दिव्यापासून दूरही तितकाच तांबडा राहतो. सावंतवाडीच्या गंजिफा पाहा. वर्तुळाकार पानावरील मत्स्य, कूर्म, वराह यांना सावली नाही. म्हैसूरलाही गंजिफांची मोठी परंपरा होती आणि तेथेही तोच प्रकार. यावरून आपल्या पूर्वजांना छायाप्रकाश ठाऊक नव्हता असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात गोलाई दाखवण्यासाठी छटा देण्याच्या पत्रज, ऐरिक आणि बिंदुज अशा तीन पद्धती सांगितल्या आहेत आणि अजिंठ्याच्या भिंतींवर त्या प्रत्यक्ष दिसतात. परंतु अजिंठ्याच्या बोधिसत्त्वाच्या गालाची गोलाई ही त्याच्या देहाची आहे. ती अमुक खिडकीतून अमुक घटकेला आलेल्या उन्हाने घडवलेली नाही. ऊन बदलले तरी तो बदलणार नाही.

म्हैसूर शैलीच्या पारंपरिक देवचित्रांत तर याहून वेगळीच योजना आहे. दागिने, प्रभावळ, सिंहासन यांच्या जागी लेप देऊन बारीक उठाव आणतात आणि त्यावर सोन्याचा वर्ख बसवतात. असे चित्र दिवसाच्या उजेडात पाहिले तर काहीसे निर्जीव भासते. देवघरात समोर समई लावली की तेच सोने थरथरू लागते. येथे दिवा चित्रात नाही, चित्रापुढे आहे.

आता पाश्चात्त्य कलेकडे वळू. ‘पाश्चात्त्य’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हुबेहूब चित्रे उभी राहतात. परंतु युरोपातही सुमारे हजार वर्षे दिवा चित्रापुढेच होता. इटलीत राव्हेन्ना येथे ५४७ साली पूर्ण झालेले सान व्हिताले नावाचे प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या भिंतींवर सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा सोनेरी काचतुकड्यांच्या पार्श्वभूमीवर उभे आहेत. पायाखाली नीटशी जमीन नाही, पाठीमागे सावली नाही. समोर दिवे पेटवले की ती भिंत उजळते. म्हैसूरच्या सुवर्णचित्रांचा जनक ही कला नव्हे, पण दोघांची बुद्धी एकच आहे: देवाधिकांवर उजेड पडत नसतो, तो त्यांच्यापासून निघत असतो.

पुढे बाराव्या-तेराव्या शतकांत फ्रान्समधील उंच प्रार्थनामंदिरांनी दिवा चित्राच्या पाठीमागे नेला. शार्त्र्‌ येथील रंगीत काचांच्या खिडक्यांत चित्र हीच खिडकी, आणि सूर्य तिच्या मागे. याची कल्पना येण्यासाठी फ्रान्सला जावयास नको. म्हैसूरमध्येच १९३० च्या दशकात उभारलेले सेंट फिलोमिना चर्च आहे. सकाळी त्याच्या खिडक्यांखाली उभे राहिले म्हणजे चित्राचे रंग फरशीवर सांडलेले दिसतात. मोठ्या राजवाड्यातील कल्याणमंडपाचे मोरांची नक्षी असलेले काचेचे छतही त्याच जातीचे. त्याची सामग्री स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या कारखान्यातून आली.

दिवा चित्राच्या आत आणणे ही मात्र अगदी निराळी गोष्ट. एकदा तो आत आला की चित्रकाराचे स्वातंत्र्य संपते. दिवा डावीकडे असेल तर प्रत्येक नाकाची सावली उजवीकडे पडली पाहिजे. दिव्यापासून दूर गेले की तांबडा रंग तांबडा राहत नाही, काळवंडतो. पाहणाराही मग एका जागी उभा, आणि प्रसंगही एकाच क्षणाचा.

फ्लॉरेन्स शहरात १४२० ते १४३० या दशकात मासाच्चो नावाच्या तरुणाने ब्रांकाच्ची घराण्याच्या प्रार्थनागृहात ओल्या गिलाव्यावर चित्रे काढली. ती काढताना त्याने आधी खोलीची खरी खिडकी कोठे आहे हे पाहिले आणि चित्रांतल्या सर्व माणसांवर त्याच दिशेने उजेड पाडला. त्यांतील एका चित्रात संत पीटर रस्त्याने चालला आहे आणि त्याच्या नुसत्या सावलीच्या स्पर्शाने कडेचे पंगू बरे होत आहेत. ज्या कलेत हजार वर्षे सावलीला थारा नव्हता त्या कलेत सावलीने चमत्कार घडवावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. १४३५ मध्ये आल्बेर्ती याने यथार्थदर्शनाचे, म्हणजे दूरच्या वस्तू लहान होत एका बिंदूकडे जातात या तत्त्वाचे शास्त्र ग्रंथात मांडले. इकडे उत्तरेस फ्लँडर्समध्ये यान व्हान आयक याने तैलरंगांचे पातळ पारदर्शक थर एकावर एक चढवून पितळेची झळाळी आणि लोकरीचा मऊपणा वेगवेगळा दाखवला. त्याच्या १४३४ सालच्या आर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रात भर दिवसा झुंबरात एकच मेणबत्ती जळते आहे. ती का, यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे.

खरा अंधार आणला तो कारावाज्जो याने. रोममध्ये १५९९-१६०० या काळात काढलेल्या ‘संत मॅथ्यूला पाचारण’ या चित्रात पैसे मोजणाऱ्या माणसांच्या कळकट खोलीत बाहेरून तिरपा उजेड येतो, आणि तोच जणू बोट दाखवून एकाला निवडतो. त्याच्या बहुतेक चित्रांत दिवा चौकटीबाहेर असतो. तो चौकटीत आणून कोणाच्या तरी हाताआड दडवण्याची युक्ती त्याच्या मागून रोमला आलेल्या होन्टहॉर्स्ट या डच चित्रकाराने इतकी लोकप्रिय केली की इटालियन लोक त्याला ‘रात्रींचा गेरार्दो’ म्हणू लागले.

आणि आता मी ज्याच्यासाठी इतका वेळ वाट पाहत होतो तो चित्रकार. जॉर्ज द ला तूर हा लोरेन प्रांतातला. जन्म १५९३, मृत्यू १६५२. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात त्याचे एक चित्र आहे. वृद्ध सुतार जोसेफ लाकडावर वाकून सामता चालवतो आहे आणि समोर बाळ येशू मेणबत्ती धरून त्याला उजेड दाखवतो आहे. बाळाने दुसरा हात ज्योतीपुढे धरला आहे आणि त्या कोवळ्या बोटांतून उजेड आरपार येऊन ती तांबूस, जवळजवळ पारदर्शक झाली आहेत. आत्याबाईंनी जगन्मोहन राजवाड्यात पाहिली तीच ही बोटे, तीनशे वर्षे आधीची. हळदणकरांनी ला तूरचे चित्र किंवा त्याची प्रतिकृती पाहिली होती असे माझे म्हणणे नाही. उजेडामागे प्रामाणिकपणे जाणारे दोघे जण एकाच ठिकाणी पोहोचतात, इतकाच याचा अर्थ.

परंतु दोघांचे साम्य येथेच संपत नाही. मृत्यूनंतर ला तूर साफ विसरला गेला. त्याची चित्रे राहिली, नाव गेले. संग्रहालयांतून ती कोठे ल नँ बंधूंच्या, कोठे होन्टहॉर्स्टच्या, कोठे एखाद्या स्पॅनिश चित्रकाराच्या नावे लागली. म्हणजे जो मोठा ठाऊक होता त्याच्या खात्यावर जमा झाली. १९१५ साली हेरमान फॉस या जर्मन अभ्यासकाने फ्रान्समधील नाँत आणि रेन या दोन गावांतील चित्रे एकाच हाताची असल्याचे दाखवले, आणि १९३४ मध्ये पॅरिसमध्ये भरलेल्या प्रदर्शनानंतर हा विस्मृत माणूस पुन्हा आपल्या जागी बसला. तेथे जवळजवळ पावणेतीनशे वर्षे लागली. आपल्याकडे तर नाव लिहिलेले असूनही लोक वाचत नाहीत.

असो. हा चित्रातला दिवा आपल्याकडे आला तो एका वाटेने नव्हे. १५८० मध्ये गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री अकबराच्या दरबारी पोहोचले ते सचित्र बायबल घेऊन, आणि मुघल चित्रशाळेने त्यातले ढग, सावल्या, दूरची शहरे चटकन उचलली. मराठी मुलखातली कथा अधिक मनोरंजक आहे. १७९० नंतरच्या वर्षांत जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार इंग्रजांचा पुण्यातील वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने पुण्यास आला. त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे काढली. पेशव्यांच्या पुण्यात पाश्चात्त्य पद्धतीची चित्रशाळाही निघाली आणि तिच्यातून गंगाराम तांबट हा कुशल मराठी चित्रकार पुढे आला. पुढे वेल्स १७९५ मध्ये वारला, शाळा मोडली, आणि तांबटाची चित्रे समुद्रापार गेली. ती आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. ही शाळा टिकती तर आपल्या कलेचा इतिहास वेगळा झाला असता काय, हा प्रश्न मला अनेकदा पडतो. सरकारी नोकरीत राहून संस्था मोडताना पाहिलेल्या माणसाला तो पडावा हे स्वाभाविकच आहे.

टिकली ती १८५७ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून मुंबईत सुरू झालेली शाळा. तेथे मुले ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून छायाप्रकाशाचा अभ्यास करीत. त्याच शाळेच्या जॉन ग्रिफिथ्सने १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. अपोलोची सावली आणि बोधिसत्त्वाची निःसावली गोलाई, या दोन्ही एकाच शाळेच्या अनुभवात होत्या. या शाळेतून धुरंधर निघाले, शिल्पकार म्हात्रे निघाले आणि १८८२ साली सावंतवाडीत जन्मलेले हळदणकरही निघाले. हळदणकरांनी १९०८ मध्ये मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली आणि १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. ते १९६८ मध्ये निवर्तले.

आता जलरंगाची गोष्ट. तैलरंगात चित्रकार अंधारातून उजेडाकडे जातो. आधी गडद भूमी, मग त्यावर उजळ रंग, शेवटी ज्योतीवर पांढऱ्याचा जाड ठिपका. चुकले तर खरवडावे, वाळल्यावर पुन्हा रंगवावे. पारदर्शक जलरंगात हा प्रवास उलट होतो. तेथे पांढरा रंग वापरायचा नसतो. कागद हाच पांढरा. जेथे सर्वांत जास्त उजेड हवा तेथे कुंचला टेकवायचाच नाही. बाकी सर्व जागी पातळ रंगाचे हात देत देत काळोख वाढवत न्यायचा. एक हात जास्त पडला की उजेड कायमचा गेला, तो परत आणता येत नाही. गडद छटा बसवताना खालचे रंग ढवळून मळकट होण्याची धास्ती वेगळी. म्हणून रात्रीचे, एकाच दिव्याचे आणि एवढ्या गाढ अंधाराचे चित्र जलरंगात करायला सहसा कोणी धजत नाही. लोक त्याला तैलचित्र समजतात ही एका अर्थी हळदणकरांच्या हाताला मिळालेली पावतीच होय. आणि एक गंमत पाहा. जलरंगाच्या चित्रात उजेड रंगाच्या थरातून खाली जातो, पांढऱ्या कागदावर आपटतो आणि रंगातून पुन्हा आपल्या डोळ्यांकडे येतो. म्हणजे शार्त्र्‌च्या खिडकीतली काच येथे कागदावर अंथरलेली आहे. त्या बोटांचा तांबूसपणा इतका जिवंत का, याचे उत्तर येथे सापडते.

दुर्दैव असे की हेच रंग उजेडाने विटतात. कागदावरील चित्र फार प्रखर प्रकाशात ठेवता येत नाही. दिव्याच्या चित्राला दिव्यापासून जपावे लागते.

दिवाळीच्या दिवसांत आपल्या कन्येला हाती दिवा घेतलेली पाहून हळदणकरांना या चित्राची कल्पना सुचली, असे सांगतात. ती कन्या म्हणजे गीताबाई, लग्नानंतरच्या उपळेकर. त्या कोल्हापुरास राहत आणि २०१८ मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी वारल्या. चित्राला म्हैसूरच्या दसरा प्रदर्शनात पहिले पारितोषिक मिळाले आणि महाराज जयचामराजेंद्र वाडियार यांनी ते तीनशे रुपयांना विकत घेतले, अशी नोंद आहे. चित्रासाठी उभी राहिलेली स्त्री २०१८ पर्यंत आपल्यात होती आणि तरीही तिच्या वडिलांची कृती दुसऱ्याच्या नावावर खपत होती. येथे मला प्लिनी या रोमन ग्रंथकाराने लिहून ठेवलेली चित्रकलेच्या जन्माची कथा आठवते. कॉरिंथमध्ये बुटाडीस नावाच्या कुंभाराची मुलगी होती. तिचा प्रियकर परदेशी निघाला तेव्हा तिने दिव्याच्या उजेडात भिंतीवर पडलेली त्याच्या मुखाची सावली रेषेने आखून ठेवली. बापाने त्या रेषेत माती भरून ती भाजली. पाश्चात्त्य कलेने स्वतःच्या जन्माची जी कथा सांगितली तिच्यात बाप, मुलगी आणि दिवा आहेत.

मग सगळे रविवर्म्याचे नाव का घेतात? याला कारण चित्रकला नसून छापखाना आहे. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस नेला आणि नंतर श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. तेथून निघालेली लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे घराघरांत, दुकानांत, पेट्यांच्या झाकणांवर पोहोचली. ज्या घरात पूर्वी भिंतीवर फार तर गौरीची पावले किंवा चितारलेला गणपती असे, तेथे यथार्थदर्शन आणि छायाप्रकाश खिळ्यावर टांगले गेले. मासाच्चो आणि कारावाज्जो यांची शिकवण आपल्या आजीपर्यंत पोहोचली ती या मार्गाने, त्यांची नावेही न कळता. सामान्य माणसाच्या पाहण्याची सवय बदलली ती संग्रहालयांनी नव्हे, तर दिनदर्शिकांनी आणि काड्यापेटीवरच्या चित्रांनी. आणि त्या सवयीला लोकांनी एक सोयीचे नाव दिले, ‘रविवर्मा’. जशी एखाद्या गावात प्रत्येक जुनी विहीर अहिल्याबाईंची आणि प्रत्येक भुयार शिवाजीमहाराजांचे असते, तसे साडी नेसलेले प्रत्येक सुंदर चित्र रविवर्म्याचे झाले. त्याच्या थोरवीला यामुळे बाध येत नाही. परंतु इतर सर्व जण मात्र अंधारात जातात.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे बरे नाही. १९४५ साली असे चित्र काढणे म्हणजे काळाच्या तीनशे वर्षे मागे राहणे नव्हे काय? युरोपने तोवर तो दिवा विझवला होता. छायाचित्रण १८३९ मध्ये जगापुढे आले आणि हुबेहूबपणाची मक्तेदारी चित्रकाराच्या हातून गेली. मोने याने १८९२ पासून रूआँच्या एकाच प्रार्थनामंदिराची वेगवेगळ्या घटकांची चित्रे काढून दगड बाजूला सारला आणि उजेड तेवढा ठेवला. १९३७ मध्ये पिकासोने ‘गेर्निका’ हे प्रचंड चित्र काढले. बॉम्बवर्षावाने उद्ध्वस्त झालेल्या गावाचा तो आक्रोश आहे. त्यातही, आश्चर्य असे की, खिडकीतून हात लांबवून दिवा धरणारी एक स्त्री आहे. तिच्या शेजारी वर एक विजेचा दिवा डोळ्यासारखा वटारलेला आहे. परंतु त्या दोन्ही दिव्यांनी कोणाचे मुख उजळत नाही. उजेड कात्रीने कापल्यासारखा टोकदार तुकड्यांत पडला आहे. हळदणकरांची दिवेवाली त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी आली, आणि आणखी दोन वर्षांनी मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन करून जे. जे. च्या या परंपरेलाच आव्हान दिले.

आक्षेप खरा आहे. चित्रात एक गोडवा आहे, आणि दोन महायुद्धांनी होरपळलेल्या युरोपला तो गोडवा परवडणारा नव्हता. नव्या चित्रकारांनी बंड केले तेही रास्तच. पण कला ही आगगाडी आहे आणि पॅरिस हे तिचे पुढचे स्टेशन आहे, ही कल्पना मला मान्य होत नाही. सावंतवाडीच्या निःसावली गंजिफांच्या गावातून निघालेला माणूस एका आयुष्यात कागदाचा पांढरा भाग राखून रक्तातून झिरपणारा उजेड दाखवण्यापर्यंत पोहोचतो, हे अंतर मोजायचे असेल तर सावंतवाडीपासून मोजावे. पॅरिसपासून मोजले तर चुकेल.

गेल्या पावसाळ्यात आत्याबाई पुन्हा म्हैसूरला आल्या होत्या. मधल्या काळात त्यांनी एका डोळ्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती. जगन्मोहन राजवाड्यात नेले. या वेळी चित्रापुढे कोणी वाटाड्या शाळकरी मुलांच्या घोळक्याला कन्नडमध्ये माहिती सांगत होता. आत्याबाईंना कन्नड येत नाही, परंतु ‘रविवर्मा’ हा शब्द त्यांनी ओळखला. त्या काठी टेकीत घोळक्यातून पुढे झाल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, “रविवर्मा न्हय ओ. हळदणकर. आमच्या वाडीचे.” वाटाड्या गोंधळला. मुले हसली. मी माझ्या तोडक्यामोडक्या कन्नडमध्ये त्याला सांगू लागलो तेव्हा त्याने वही काढून नाव लिहून घेतले, आणि ‘ळ’ बरोबर लिहिला आहे की नाही, हे दोनदा विचारले.